साडूचा टेप आणि माझं ब्रेल

विश्वासराव माझे साडू होते आणि त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता. यातली पहिली गोष्ट मी कशीबशी सहन केली होती.

मी केडगावात मास्तर. विश्वासराव नगरात, स्वतःचं कापडाचं दुकान. आम्हा दोघांची सासुरवाडी मिरजगाव, आणि तिथे आमचा मेव्हणा सदाशिव. लहानपणी देवीच्या आजारात त्याची दृष्टी गेली होती. पण डोकं असं, की अंधशाळेत शिकून तो मॅट्रिक झाला आणि आता बाहेरून बी. ए.ला बसला होता. अडचण एकच. बी. ए.ची पुस्तकं छापील, आणि छापील अक्षर बोटाला लागत नाही. कुणीतरी वाचून दाखवावं तेव्हा त्याचा अभ्यास व्हायचा.

हे काम सुट्टीत मी करायचो. आवाज भारदस्त, उच्चार स्वच्छ (माझं मत). मग विश्वासरावांनी तो टेपरेकॉर्डर आणला. पुस्तकं टेपवर वाचून ते फिती मिरजगावला पाठवू लागले, आणि त्या ऐकायला तिथे आणखी एक यंत्र ठेवलं. सासूबाई रोज सकाळी त्या यंत्रावरची धूळ पदराने पुसायच्या. "थोरलं जावई घरात न्हाईत, तरी बोलत्यात," असं त्यांनी गावभर सांगितलं. मी तर घरात बसून बोलत होतो, पण त्याची बातमी शेजारच्या घरापर्यंतही गेली नाही.

एकदा सदाशिव सहज म्हणाला, की टेप चांगला आहे, पण मागची एखादी ओळ शोधायची तर फीत पुढे-मागे फिरवण्यात जीव जातो. बोटाखाली पान असतं तर बरं झालं असतं. मला तर उकाड्यात वाऱ्याची झुळूक आल्यासारखं वाटलं. अर्थशास्त्राचं पुस्तक अजून टेपवर यायचं होतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "अर्थशास्त्र माझ्याकडं. अख्खं ब्रेलमध्ये करून आणतो. विश्वासरावांना म्हणावं, तुम्ही घसा जपा."

मला ब्रेल येत नव्हतं, हा तपशील मी कुणाला सांगितला नाही.

सदाशिवलाच विचारलं असतं तर त्याने एका दुपारात शिकवलं असतं. पण मग उपकार कसले? मी नगरच्या एका ओळखीच्या शिक्षकांना गाठलं. ते अंध मुलांना शिकवायचे. त्यांनी मला अक्षरांचा छापील तक्ता दिला, चौकटी-चौकटींची पाटी दिली आणि लाकडी मुठीचा टोचा दिला. पाटीत जाड कागद अडकवायचा आणि टोच्याने एकेक ठिपका पाडायचा. ठिपके कागदाच्या पलीकडे उमटतात, म्हणून टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं, असं ते म्हणाले. पुढेही ते काहीतरी सांगत होते. पण मी मास्तर. दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय नाही. मी "समजलं, समजलं" म्हणत सायकलवर टांग टाकली.

दुष्काळाचा उन्हाळा होता. आळीतली माणसं पाण्यामागे धावत होती आणि मी ओट्यावर बसून टकटक टकटक टोचत होतो. शेजाऱ्यांना वाटलं, मी घरीच चपला शिवायला घेतल्या. बोटांना फोड आले. पाणी आणायच्या माझ्या पाळीलाही बायको, शालन, जाऊ लागली. एकदा रिकामा हंडा माझ्यासमोर आपटून ती म्हणाली, "अहो, हे सदाशिवसाठी चाललंय, का भाऊजींसाठी?" त्या वेळी मी 'मागणी आणि पुरवठा' टोचत होतो.

शाळा उघडायच्या आधी गठ्ठा तयार झाला. पहिल्या पानाच्या डोक्यावर मी स्वतःच्या पदरचा एक शब्द घातला : 'नमन'. एसटीत गठ्ठा मांडीवर घेऊन मिरजगावला पोचलो, तर ओसरीवर विश्वासराव आधीच हजर. सासूबाईंनी शेजारच्या चार बायाही बोलावलेल्या. मला वाटलं, बरंच झालं, साक्षीला माणसं आहेत.

सदाशिवने पान मांडीवर घेतलं आणि पहिल्या ओळीवर बोट फिरवलं. थांबला. परत फिरवलं. मग मोठ्याने वाचलं, "डशड."

सासूबाईंनी हळूच हात जोडले आणि मला विचारलं, "ह्यो कंचा देव म्हणायचा?"

मी म्हणालो, हात गार असतील, खालचं वाच. 'कर' या धड्याचं नाव त्याने "खठ" असं वाचलं. मग मात्र सदाशिव गदागदा हसायला लागला. हसता हसता म्हणाला, "दाजी, सगळी अक्षरं माझ्याकडं पाठ करून बसल्यात!"

तेव्हा उलगडा झाला. कागद उलटला की ठिपक्यांची डावी बाजू उजवी होते. म्हणून टोचताना नुसतं उजवीकडून जाऊन भागत नाही, प्रत्येक अक्षरही आरशातल्यासारखं उलटं टोचावं लागतं. मी तक्त्यात जसं दिसलं तसं टोचलं होतं. त्यामुळे न चा ड झाला, म चा श आणि क चा ख. अख्खं अर्थशास्त्र!

विश्वासराव हसले असते तर मी सहन केलं असतं. ते गंभीरपणे म्हणाले, "पण कष्ट फार घेतलेत हो." तो गठ्ठा त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं.

मग सगळ्यांच्याच लक्षात आलं, की दुष्काळामुळे पुढे ढकललेली परीक्षा आता तोंडावर आली आहे आणि माझ्या बढाईपायी अर्थशास्त्र टेपवरही झालेलं नाही. विश्वासरावांना दुकान उघडायला जायचं होतं. सदाशिवच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, असंच वाचतो. ड म्हंजी न, एवढंच ध्यानात ठिवायचं." मी रजा टाकून मिरजगावला राहिलो. तो उलटी अक्षरं मनात सुलटी करत वाचायचा आणि अडला की मी छापील पुस्तकात बघून सांगायचो. घामाघूम व्हायचा बिचारा, पण एकही धडा सोडला नाही.

निकाल लागला. सदाशिव त्या वर्षाची परीक्षा पास झाला, आणि सगळ्यांत जास्त गुण अर्थशास्त्रात. गावात पेढे वाटताना तो ज्याला त्याला सांगत होता, "टेप ऐकता ऐकता डोळा लागायचा. दाजींच्या पुस्तकात एकेका शब्दाशी कुस्ती खेळावी लागली, म्हणून इसरायची सोयच ऱ्हायली न्हाई."

सासूबाई माझ्याकडे बघून चक्क हसल्या. विश्वासराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा बघून माझ्या ध्यानात आलं, की माझा रोग त्यांना लागला. पुढच्याच रविवारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन केडगावला आले आणि म्हणाले, मलाही ब्रेल शिकवा.

एव्हाना मी सदाशिवकडून खरं ब्रेल शिकलो होतो. प्रामाणिकपणाने ते त्यांना शिकवलं. दिवाळीपर्यंत त्यांचा हात माझ्या दुप्पट वेगाने चालू लागला. पुढच्या वर्षीची सगळी पुस्तकं त्यांनी टोचली, आणि सासूबाई ती पदराने पुसू लागल्या.

अजूनही मला चुटपुट लागते, की त्यांना माझंच ब्रेल शिकवायला हवं होतं.