डाव्या हाताचा घास

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. एक तर ती कपडे शिवायची, आणि दुसरं म्हणजे तिच्या जिभेपुढे कुणाची डाळ शिजत नसे. गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा हात लुळा पडला, जीभ मात्र शाबूत राहिली. आजारपणानेसुद्धा तिच्या जिभेची धास्ती घेतली, असं गिऱ्हाइकं आपसात म्हणत.

धाकटी बहीण आपला संसार सोडून तिच्याकडे येऊन राहिली आणि तिला चमच्याने भरवू लागली. फार मायेची होती बिचारी. पण आपल्या तोंडात घास कधी जायचा हे दुसऱ्याने ठरवावं, याचा कात्रीबाईला संताप यायचा. घरात कुणी नसलं की ती डाव्या हाताने खायचा सराव करी. तिने मनाशी पक्कं केलं होतं: कोपऱ्यावरच्या सुशीच्या दुकानात, चारचौघांत, आपल्या हाताने जेवायचं. नाही जमलं तर पुन्हा बाहेर जेवायचं नाव काढायचं नाही.

दुकान साधंच. काउंटरपुढे उंच स्टुलं, मागे सुशीवाला, आणि दर खिशाला परवडणारे. कात्रीबाई तिथली जुनी गिऱ्हाईक. आंबूस भाताचा छोटा मुटका, वर माशाचा काप. बोटांनी उचलायचा आणि एका घासात संपवायचा, हे तिचं आवडतं जेवण.

"टेबलावर बसू या ना," धाकटी म्हणाली.

"टेबलावर कशाला? लग्नाची बोलणी करायचीत?" म्हणत कात्रीबाई स्टुलावर चढली.

धाकटीने सुशीवाल्याला हळूच सांगितलं, "दादा, तिच्यासाठी बारीक तुकडे करा. आणि एक चमचा द्या."

त्याने चमचा दिला, पण मुटका अख्खाच ठेवला. ठेवला तोही नेहमीसारखाच, उजव्या हाताला सोयीचा पडेल असा तिरका.

कात्रीबाईने डावा हात पुढे केला. मनगट वाकडं करावं लागलं, बोटं भातात रुतली आणि सगळं खारट सोया सॉसच्या वाटीत कोसळलं. शेजारच्या गृहस्थांच्या बाहीवर शिंतोडे उडाले. धाकटीने लगबगीने चमचा उचलला. कात्रीबाईचं तोंड एवढंसं झालं.

"चल घरी," एवढंच ती म्हणाली.

"ताई, थांबा. चूक माझी आहे," सुशीवाला म्हणाला. "हात सवयीने गेला."

त्याने नवा मुटका वळला, जरा जास्त दाबून, आणि या वेळी उलट्या बाजूला तिरका ठेवला. मग तिच्याकडे न बघता तो सुरी पुसत राहिला.

मुटका तिच्या बोटांत अलगद आला आणि तोंडात गेला. तिने डोळे मिटले. आजारी पडल्यापासून तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. ती शेजारच्या गृहस्थांकडे वळली. "डाग जाईल हो. शिवण मात्र भिकार आहे, ती काही जायची नाही."

गृहस्थ हसले. सुशीवालाही हसला.

"आता हिच्यापुढे ठेव," ती त्याला म्हणाली.

धाकटीने हातातला चमचा खाली ठेवला. इतक्या महिन्यांत ती निवांत बसून जेवलीच नव्हती. ताईला भरवून झालं की ओट्यापाशी उभ्याउभ्या काहीतरी पोटात ढकलायची. पहिला घास तोंडात गेला आणि तिचे डोळे भरून वाहू लागले.

कात्रीबाईने डाव्या हाताने तिची सॉसची वाटी बाजूला सरकवली.

"रडायचंच असेल तर सॉस नको घेऊस. खारट होईल."