कॉलरपर्यंत उतरलेलं तेल

इस्त्रीवाल्या मावशींच्या प्रार्थनाघरात एक मजेशीर रीत होती. दर आठवड्याला कुणीतरी प्राचीन हिब्रू उपासनागीतांतलं एक गीत घ्यायचं आणि आपल्या धंद्याच्या भाषेत उलगडून सांगायचं. सुताराचं झालं, दाईचं झालं. आज पाळी मावशींची, आणि विषय आशीर्वाद आणि भरभराट!

गीत इवलंसं. भावंडं एकत्र नांदतात तिथे देवाचा आशीर्वाद कसा उतरतो, तर याजकाच्या, म्हणजे देवळातल्या पुरोहिताच्या, डोक्यावर ओतलेल्या सुगंधी तेलासारखा. दाढीवरून ओघळत थेट झग्याच्या गळ्यापर्यंत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मावशींनी कपाळाला हात लावला होता. "अगं बाई, त्या कॉलरचं काय झालं असेल!"

पण काल इस्त्री फिरवता फिरवता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तेव्हापासून बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. धास्ती एकच. शेवटच्या बाकावर धाकटी बहीण बसणार होती. पूर्वी दोघींची लाँड्री एकच. डाग काढायचे धाकटीने, इस्त्री मावशींची. चार वर्षांपूर्वी एक कोट जळला, चूक कुणाची यावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि धाकटीने रस्त्यापलीकडे वेगळं दुकान थाटलं. तेव्हापासून अबोला. तो आज मोडला तर मोडला, नाहीतर कायमचाच, असं मावशींना वाटत होतं.

मावशी उभ्या राहिल्या. "माझं दुकान झकास चाललंय. लोक म्हणतात, देवाची कृपा. पण या गीतात ना दुकान, ना धान्याची कोठारं! देव आशीर्वाद धाडतो तो भावंडं एकत्र असतात तिथे. आणि तेलच का? अहो, तेल एका जागी बसतच नाही! या धाग्यावरून त्या धाग्यावर जातं. कापड फाटलेलं असलं की मात्र तिथेच अडतं. आमचं फाटलंय. मीच फाडलं. त्या कोटावर इस्त्री मीच चालू ठेवली होती." घाबरल्या की मावशींना प्रत्येक दुखण्यावर इस्त्रीच सुचायची. घाईघाईने म्हणाल्या, "तर तेलाचा डाग कडक इस्त्री फिरवली की बरोब्बर निघतो..."

"इस्त्री?" धाकटी ताडकन उठली. "ताई, वेडी आहेस का? इस्त्रीने तेलाचा डाग पक्का बसतो! आधी पावडर, मग साबण. कितीदा सांगायचं तुला!"

एकच हशा पिकला.

मावशींचे डोळे घळाघळा वाहत होते आणि हसूही आवरत नव्हतं. "मला कुठलं कळायला? डाग तुझ्याकडे होते. चार वर्षं तेलकट कपडे परत पाठवतेय मी. ये गं इकडे, तूच सांग."

धाकटी बाकांमधून वाट काढत पुढे आली. "सरक जरा," म्हणाली, आणि ताईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.