कापशीचं डावं पाऊल

चीनमधल्या थायहच्या बाजूला पांढऱ्या केसाळ कोंबड्या मांडीवर घेऊन बसायला कुणी पाळत नाही. पिसं कापसासारखी असोत नाहीतर रेशमासारखी, आतलं मांस काळं, हाडं काळी, आणि ती हाडं उकळली की बाळंतिणीच्या अंगात ताकद येते. झालं, कोंबडीचा जन्म त्यासाठीच. रोंगश्यांगनेही अर्ध्या आयुष्यात अशा कितीतरी माना मुरगळल्या होत्या आणि त्यापायी तिची झोप कधी उडाली नव्हती.

मग घरात मानमान आली. मुलगा ज्यानपिंग आणि सून लीना दोघं लांबच्या शहरात कारखान्यात. दूध सुटल्याबरोबर पोर आजीच्या पदरात टाकून गेली. पोर रात्रभर किरकिर करायची. एकदा वैतागून रोंगश्यांगने तिच्या कुशीत एक पिल्लू ठेवलं, आणि काय सांगावं, पोर गपगार झोपली. तेच पिल्लू पुढे कापशी झालं.

कापशी म्हणजे कोंबडी कमी आणि आळशी मांजर जास्त. उडता येत नाही, पळण्याचा कंटाळा, कुणीही उचला, कुशीत डोळे मिटून बसणार. वर्षातून चारदा खुडूक व्हायची आणि बदकाची अंडी ठेवली तरी इमानदारीत उबवायची. मानमान तिला बाहुलीचं टोपरं घालायची, तीही घालून घ्यायची. परसातल्या संत्र्याच्या झाडाखाली दोघी बसल्या की रोंगश्यांग हातातली पालेभाजी तशीच ठेवून बघत राहायची. खरं सांगायचं तर तिच्या लग्नानंतरची सगळी वर्षं एका पारड्यात घातली तरी त्याच दुपारी जड झाल्या असत्या.

एकदा खुराड्याचं दार मानमानच्या हातून आपटलं आणि कापशीच्या डाव्या पायाचं एक बोट गेलं. या कोंबड्यांना पाच बोटं असतात, कापशीला त्या पायाला चारच राहिली. पोर दोन दिवस जेवली नाही.

शाळेचं वय झालं तशी मानमानला आईबापांनी शहरात नेलं. जाताना पोर रडली ती कापशीसाठी. आजीसाठी रडली का, हे रोंगश्यांगने स्वतःला विचारलं नाही. पण दर रविवारी फोन यायचा आणि पडद्यावर चेहरा दिसायच्या आधी आवाज यायचा, "आजी, कापशी कुठंय?" रोंगश्यांग मग कापशीला मांडीवर घ्यायची. कापशी आहे तोवर फोन येणार, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

शेजारची चुनमेइ कुंपणावरून टोमणा मारायची, "वहिनी, लोकं कोंबडीला खाऊ घालतात खाण्यासाठी. तुझं म्हणजे सासूसारखी सेवा चाललीय."

"सासूची एवढी केली नव्हती," रोंगश्यांग म्हणायची.

त्या वसंतात लीनाला मुलगा झाला. ज्यानपिंग गाडी घेऊन आला. पेढा नाही, पाण्याचा घोट नाही, आधी खुराड्यात डोकावला.

"आई, तिकडे मिळतात त्या नुसत्या नावाला. लीनाला दूध पुरत नाही. चार दे."

"चार कशाला, सगळ्या ने," रोंगश्यांग म्हणाली. नातू झाला होता, ती काही कोत्या मनाची नव्हती. "फक्त कापशी ठेव. मानमानची आहे ती."

"बरं बरं," ज्यानपिंग म्हणाला.

सुनेसाठी ताजी भाजी खुडून द्यावी म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या वाफ्यात गेली. जुड्या बांधून परत आली तर गाडी गेलेली. खुराड्यात एकच कोंबडी उरली होती. तिने तिला उचलून पाय बघितले. दोन्ही पायांना पाच-पाच बोटं.

भाजीच्या जुड्या तिच्या हातातच राहिल्या. फोन केला तर ज्यानपिंग गाडी चालवत होता.

"आई, सगळ्या पांढऱ्याच. जी वजनाला बरी लागली ती घेतली. आता अर्धा रस्ता आलो."

"मेल्या, तुला एक गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "हे बघ, मानमानला कळू देऊ नकोस. एवढं तरी कर माझ्यासाठी."

"बरं," तो म्हणाला.

रविवारी फोन आला. रोंगश्यांगने उरलेल्या कोंबडीला जुन्या शालीत गुंडाळलं, पाय आत दडवले आणि फक्त डोकं बाहेर ठेवलं. "ही बघ कापशी. गारठलीय जरा." पोरगी म्हणाली, "हं." असं ते रविवारमागून रविवार चाललं. उन्हं तापली तरी शाल सुटेना. चुनमेइ हसायची, पण रोंगश्यांगला तिची पर्वा नव्हती. खोटं बोलण्याची लाज वाटायची, पण पोरीचं मन मोडण्यापेक्षा ती लाज परवडली. आठवडाभर ती त्या कोंबडीला कापशी म्हणून हाका मारायची, म्हणजे रविवारी जीभ अडखळायला नको.

भर उन्हाळ्यातल्या एका रविवारी मानमानचं लक्ष दुसरीकडेच होतं. मागून मैत्रिणी हाका मारत होत्या.

"ही बघ, कापशी तुला विचारतेय, आमची मानमान कधी येणार," रोंगश्यांग लाडीगोडीने म्हणाली.

"आजी, पुरे ना आता. ती कापशी नाहीये."

रोंगश्यांगने शाल आणखी घट्ट धरली. "अगं असं काय, नीट बघ ना."

"कापशी आम्ही खाल्ली. बाबांनी निघताना फोन करून विचारलं, कुठली आणू, कुठली ठेवू. मीच म्हटलं कापशीला आण, ती सगळ्यात जाड आहे. आई म्हणाली बाळाला दूध मिळेल. मला तंगडी दिली, डाव्या पायाची. छान होती."

"मग इतके दिवस तू... दर रविवारी फोन..."

"बाबा म्हणाले, आजीला कोंबडी दाखवायला आवडतं, थोडा वेळ बघत जा." पोरीच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "आजी, मी जाऊ? पोहायला जायचंय."

"जा बाळा. जा."

पडदा काळा झाला. पोरीची चूक काय, असं रोंगश्यांगने स्वतःला समजावून पाहिलं. तिला भावासाठी दूध हवं होतं, आणि कोंबडी कशासाठी असते हे या गावात कोण शिकवत नाही? तिनेच शिकवलं होतं. फोन कापशीसाठी येत नव्हता, तिच्यासाठीही येत नव्हता. बापाने वेळ लावून दिली होती, औषधासारखी.

तिने शाल सोडली. उकाड्याने हैराण झालेली कोंबडी उतरून परसात गेली आणि संत्र्याखाली माती उकरायला लागली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. संध्याकाळी खुराडं लावायच्या वेळी रोंगश्यांग दारात उभी राहिली. या कोंबडीला दुसरं नाव द्यायला हवं होतं, पण सुचलं नाही.

"कापशी," तिने हाक मारली.

आणि ती कोंबडी पाचही बोटं टाकत, धावत तिच्याकडे आली.