कोरा ठेवलेला पेपर

पिंके, कान इकडं कर. बारावीत नापास झाली म्हणून आजीचाही फोन उचलत नाही, हे काय वागणं झालं वं? म्हणून हे बोलणं मोबाईलात भरून धाडून राह्यली.

आज अंगण सारवून राह्यली होती, तं शेणाच्या वासानं मले थेट माहेरच्या अंगणात नेलं. तवाही मी सारवतच होती, अन् मास्तर सातवीचा निकाल घेऊन घरी आले. गावातली शाळा सातवीपर्यंतच. सातवी पास झाली की पोरीचं लगन, असाच रिवाज. म्हणून मी गणिताचा पेपर कोरा ठेवला होता. सारी गणितं येत होती वं! वाटलं, नापास झाली की आणखी एक वर्ष शाळा भेटंल.

"एवढी हुशार पोरगी, अन् गणितात भोपळा कसा?" मास्तरनं माह्याकडं पाहून इचारलं.

बाबा हसले. "डोक्यातच नाही तं शाळा कायले, मास्तर? औंदाच उजवून टाकतो."

मी सारवत सारवत भिंतीच्या कोपऱ्यात येऊन अडकली होती. समोर सारं अंगण ओलं, पाय टाकाले जागा नाही. मास्तर जरा थांबले. मी तोंड उघडलं नाही. सारवण वाळेपर्यंत ते निघून गेले होते.

लई वर्षं मी बाबाले दोष देला. आता वाटते, मास्तर मलेच तं इचारत होते.

तुहा पेपर काहून तसा गेला, मले सांग. मी कोणाले बोलणार नाही. जऊळक्याले उतर, मी स्टेशनावर उभी राहीन. लवकर ये, अन् अंगण ओलं असलं तरी तुडवत ये.