हिरव्या काचेतला डोळा

फोटो धुण्याच्या हायपोचा वास आला की विश्रामबागेतला डोळ्यांचा दवाखाना आठवतो. पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. मी तिथं पेशंटांच्या डोळ्यांच्या आतले फोटो काढायचो. साध्या उजेडात डोळ्याचा पडदा नुसता तांबडा दिसे, म्हणून डॉक्टरांनी फक्त हिरवा उजेड सोडणारी काच मागवली. तिच्यातून रक्त काळं उमटतं. आष्ट्याच्या दोन पेशंटांनंतर गंमत म्हणून डॉक्टरही कॅमेऱ्यापुढे बसले. संध्याकाळी ट्रेमधल्या एका कागदावर शिरांभोवती काळे शिंतोडे उमटले. "कुणाचा रे हा? बोलावून घे, नजर जाईल त्याची," डॉक्टर म्हणाले. "साहेब, तुमचाच हाय." ते ओल्या कागदाकडे बघत राहिले. "आमच्या घरी बोलू नकोस," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ऑपरेशनं बंद केली. लोक मला कारण विचारत. ते मी आज पहिल्यांदा सांगतोय.