फोड नसलेली खाज

तीळ-खोबरं वाटल्याचा वास आला, की मला वहिनीचे तळहात आठवतात. आम्हाला शेती नव्हती. जंगलातले बिबे फोडून आतला गर, गोडंबी, विकायची, त्यावरच घर चालायचं. फोडताना बिब्याचं तेल अंगाला लागलं, की कातडी भाजल्यासारखी व्हायची. वहिनी गरोदर होती; आठव्या महिन्यात तिला तळहाता-तळपायांना खाज सुटली.

"बिबा उतला तुले," म्हणत माय तीळ-खोबरं चोळायची.

मी वहिनीचे हात उलटसुलट पाहिले. "माय, बिबा उतला तर फोड येते. हिले एकबी नाई. मंग खाजवते काऊन?"

"कालेजात काय गेली, डाक्टरीन झाली का?"

वहिनीच उठली. "चाल बाई, दवाखान्यात विचारू."

रक्त तपासल्यावर कळलं, गरोदरपणात यकृत बिघडलं होतं आणि बाळाला धोका होता. चंद्रपूरला बाळंतपण लवकर केलं. तेव्हा मला नुसतं कुतूहल होतं; भीती आता वाटते.

पुतणी सुखरूप जन्मली. यंदा ती पदवीधर झाली, माझ्यानंतर घरातली दुसरी.