परशराम मेस्त्रींनी पाडलेली भिंत

परशराम मेस्त्री कुठल्याही घराचं काम घेतल्यावर पहिला दिवस नुसते बसून काढत. थापी आणि ओळंबा पिशवीतच असायचे. उंबऱ्याशी बसून घरातली माणसं कुठून कुठे जातात, ते बघत राहायचे. त्या दिवसाची मजुरी मात्र घेत नसत. "आदी माणूस कुटं अडखळतंय ते बघायचं, मग ओळंबा धरायचा," असं म्हणायचे. बोरगावहून सकाळच्या गाडीने निपाणीला यायचे. उंच, वाकलेले, बोलणं कमी.

ऐंशी सालच्या सुमाराची गोष्ट. मी निपाणीत मराठी शाळेत शिकवत होते. यजमान बेळगावला नोकरीला, शनिवारी घरी येत. घरात मी आणि माझे सासरे, आप्पा. त्यांचा सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत वजनं करण्यात गेलेला. आधी ते नावं विसरू लागले, मग वार, मग राहतं घर. लोक म्हणायचे म्हातारचळ. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "याला औषध नाही. कुणीतरी सतत नजर ठेवा."

नजर ठेवणं त्या घरात अवघड होतं. मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी तपकिरी दारं, बाहेर पडायला चार वाटा आणि संडास पार मागे, आडाच्या पलीकडे. आप्पा एकेक दार उघडत जायचे, संडास सापडायचा नाही, मग कोठीच्या खोलीत कपडे ओले व्हायचे आणि ते तिथेच तोंड झाकून उभे राहायचे. संध्याकाळ झाली की "वखार उघडायची हाय" म्हणून निघायचे, थेट हमरस्त्यावर, ट्रकांच्या मधे. दिवसा एक बाई, रात्री एक गडी ठेवला. माझा पगार बहुतेक त्या दोघांतच जायचा. तरी रस्त्यावर हॉर्न जरा लांबला, की फळ्यावर माझा हात थांबायचा.

शेवटी यजमानांनी आप्पांच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. आप्पा दारावर हात आपटत राहायचे. तळवे सुजले.

त्याच आठवड्यात मेस्त्री कौलं चाळायला आले. आवाज ऐकून शिडीवरून खाली उतरले.

"आत कोण हाय बाई?"

मी सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघू शकले नाही.

ते म्हणाले, "कडी काडा. उद्या मी बसतो हितं."

दुसऱ्या दिवशी ते बोळात दिवसभर बसले. आप्पांच्या मागे मागे हिंडले. संध्याकाळी म्हणाले, "बाई, आप्पांचं चुकत न्हाय. ह्या बोळात दुपारी मीबी दोनदा चुकीचं दार उगडलं."

त्यांनी काय करायचं ते जमिनीवर खडूने काढून दाखवलं. स्वयंपाकघर आणि आप्पांची खोली यांमधली भिंत कमरेइतकी खाली आणायची, म्हणजे चुलीपुढून आप्पा दिसतील. संडास खोलीला लागून, दार निळं. आडावर लोखंडी जाळी. बाहेरच्या चार वाटांतली एकच ठेवायची, तीही चुलीपुढून दिसणारी. परसात भिंत अशी फिरवायची, की आप्पा कितीही चालले तरी वळसा घालून स्वयंपाकघरातच येतील.

मी म्हटलं, "मेस्त्री, एवढा खर्च?"

"आत्ता माणसं ठेवून रोज भरताय, ते कदी संपनार? ह्यो एकदाच."

काम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले, तेव्हा परसाची जुनी भिंत पाडलेली होती आणि आप्पा घरात नव्हते. बाई रडत होती. तिने पाच मिनिटांसाठी पाठ वळवली होती. मजूर रस्त्याकडे धावले. मेस्त्री मात्र आडाकडे गेले. आडावर अजून जाळी बसली नव्हती. त्यांनी कमरेला दोर बांधला, त्याचं टोक रहाटाच्या खांबाला गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि खाली उतरले. पाण्यात बुडी मारल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. माझ्या हातातला दोर जड होत चालला होता. मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकले नाही.

"न्हाईत," खालून आवाज आला.

आप्पा वखारीत सापडले, तराजूपाशी बसलेले. हमालांनी त्यांना चहा दिला होता.

मेस्त्री ओल्या कपड्यांनी आडाच्या कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, "माजी आई अशीच झालती, बाई. आमीबी कोंडली. कडी मीच बसवलीवती. एक दिवस खोलीत कंदील कलंडला. आमी समदी शेतात." त्यांनी सदरा पिळला. उठून थापी घेतली.

घर पुरं झालं. रात्रीच्या गड्याची गरज उरली नाही, दिवसाची बाई माझ्या शाळेच्या वेळेपुरती राहिली. नोकरी टिकली. आप्पा परसात फेऱ्या मारायचे, निळं दार आपलं आपण उघडायचे. तीन वर्षांनी एका दुपारी झोपेतच गेले. तेराव्याला मेस्त्री आले होते, शेवटच्या रांगेत बसले, न जेवता गेले.

पुढे ते थकले आणि बेळगावला मुलाकडे राहायला गेले. मुलगा कारकून. एकदा मी कामाने बेळगावला गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, अरुंद उभा जिना, मधे अंधारा बोळ. मेस्त्री खाटेवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही.

मुलगा हळूच म्हणाला, "सहा महिनं झालं. एक बाई ठेवलीया, आता दुसरी बघतोय. परवडत न्हाय."

मी त्याला सगळं सांगितलं. आमच्या घरात त्याच्या वडिलांनी काय केलं ते. भिंत, निळं दार, परस. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला ठावं हाय बाई. पर हे भाड्याचं घर. भिंत कशी पाडू? आणि खालचं घर मागितलं, तर असलं म्हातारं मानूस बघून आमाला देतंय कोण?"

तोवर मेस्त्री उठले होते. भिंतीला हात लावत लावत ते माझ्यापर्यंत आले. अदबीने थांबले.

"बाई," ते म्हणाले, "ह्या घरातनं भाईर पडायचं कुटनं?"

दार माझ्या पाठीमागेच होतं. त्यापुढे जिना. मी दोन्ही हात पसरून दार अडवलं.